मलपृष्ठावरची बाई

आमच्या घरात साहित्य आलं ते चादरीच्या वाटेनं. इतरांच्या घरात ते पुस्तकाच्या वाटेनं येतं, हे मला पुढं पुण्याला गेल्यावर कळलं. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर होतं. घर म्हणायचं ते सवयीनं. पुढच्या लांब खोलीत माग, मागच्या दोन खोल्यांत माणसं, आणि मधल्या बोळात सुताची पोती, सूत गुंडाळायच्या कांड्यांच्या टोपल्या आणि आमची दप्तरं. सकाळी माग सुरू झाले की सगळं घर एका तालात हलायला लागायचं. फळीवरची पातेली हलायची, चारूच्या, म्हणजे आमच्या चिंचेच्या साराच्या, वाटीवर बारीक लाटा उठायच्या. त्या आवाजात तान्ही पोरं गाढ झोपायची आणि वीज गेली की दचकून रडत उठायची. सगळ्यांना सवय मागाच्या वर आवाज काढून बोलायची, त्यामुळं आमच्या घराण्यात कुजबुजता कुणालाच येत नाही. अम्मा शेजारणीची गुप्त गोष्ट सांगायला लागली की ती शेजारीणही ऐकायची.

घरात आम्ही तेलुगू बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते आहे, तेव्हा अम्माच्या बोलण्याची चव थोडी कमी होईल, त्याला इलाज नाही. घराचे कर्ते पेद्दनान्ना, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे वडील मागावर असायचे आणि जेवताना मीठ मागायचं तरी आधी भावाकडं बघायचे. पेद्दनान्नांची शाळा चौथीतच सुटली होती, पण सूत चिमटीत धरून ते त्याच्या जाडीचा नंबर सांगायचे. गावातल्या साहित्य मंडळानं एकदा बाहेरगावच्या एका कवीला बोलावलं, आणि सत्काराला शाल आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. ऐनवेळी कुणीतरी आमच्याकडं धावत आलं. पेद्दनान्नांनी मागावरनं नुकतीच उतरवलेली चादर दिली आणि स्वतःच नेऊन कवीच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कवीला होत्या की चादरीला हे त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, त्याच्या पुढच्याला स्टेजवर, आणि बघता बघता ते मंडळाचे अध्यक्ष झाले. एकही पुस्तक न वाचता ते अध्यक्ष झाले असं गावात लोक हसून म्हणायचे. म्हणणाऱ्यांनी तरी किती वाचली होती, ते मी जवळून बघितलं आहे.

कारण ही सगळी मंडळी आमच्याकडं जेवायला असायची. साहित्यिक पाहुणा म्हणजे काय, याची अम्माची व्याख्या अनुभवातून पक्की झाली होती. साहित्यिक म्हणजे कडक भाकरी नको म्हणणारा, शेंगाचटणी दोनदा मागून घेणारा आणि जेवण झाल्यावर दुपारी दोन तास झोपणारा माणूस. झोपून उठला की त्याला चहा द्यायचा, मग तो संध्याकाळी भाषण करतो. तो लिहितो कधी, हा प्रश्न अम्माला पडायचा, पण पेद्दनान्ना म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय? आपलं काम खांदे झाकायचं." त्यांच्या सगळ्या साहित्यविचाराचं सार यात आलं असं मला अजून वाटतं.

या मंडळींचे म्होरके प्राध्यापक भालेराव. ते कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवायचे, आणि मंडळाचं जागतिक साहित्याचं खातं त्यांच्याकडं होतं. त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'एकूणच' हा शब्द यायचा. एका वर्षी कॉलेजला कॅनडा देशाकडनं पुस्तकांची एक पेटी भेट आली. नव्या लेखकांच्या कादंबऱ्या, कथा, कविता. भालेराव सरांनी ती पुस्तकं काचेच्या कपाटात लावली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. काचेतून ती पुस्तकं फार छान दिसायची. वर्षभरात कॅनडाच्या साहित्यावर सरांची तीन व्याख्यानं झाली आणि कुलूप एकदाही उघडलं नाही.

मग बातमी आली की त्या पेटीतल्या पुस्तकांपैकी एका पुस्तकाची लेखिका भारत बघायला आली आहे, हैदराबादहून पुण्याला जाताना ती एक दिवस सोलापुरात उतरेल. डोरीन कॉलबी असं तिचं नाव. मंडळात एकच धांदल उडाली. आजवर परदेशी माणसाच्या खांद्यावर चादर पडली नव्हती. पेद्दनान्ना म्हणाले, "साधी चादर न्हाय. बाईचं चित्र विणायचं." आमच्याकडं देवांची आणि पुढाऱ्यांची चित्रं मागावर विणली जायचीच, भिंतीवर लावायला लोक हौसेनं न्यायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून आधी चेहरा उतरवायचा, मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या मागावर चढल्या की सुतातनं माणूस वर येतो. हे काम आमच्याकडचा कारागीर राजेशम करायचा. तो म्हणाला, फोटो द्या.

कुलूप उघडलं. सरांनी पुस्तक काढलं, त्याचं रंगीत वेष्टण उतरवलं आणि वेष्टणाच्या पाठीमागच्या बाजूला एका बाईचा फोटो होता तो राजेशमच्या हातात दिला. आतलं पुस्तक उघडंबोडकं माझ्याकडं आलं. सरांना भाषणासाठी सारांश हवा होता आणि बी.ए.च्या वर्गात सांगितलेलं काम निमूट करणारी मी होते. कामाची वाटणी इतकी चोख झाली होती. चेहरा राजेशमकडं, पुस्तक माझ्याकडं, आणि मोठेपण सरांकडं.

मी ते पुस्तक कांड्या भरता भरता वाचलं. एका हातानं चाक फिरवायचं, गुडघ्यावर पुस्तक. कॅनडा म्हटल्यावर मी बर्फाच्या तयारीनं बसले होते, आणि पहिल्याच पानावर ऊन. धूळ उडणारं एक सपाट गाव, गव्हाची कोठारं, एक किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांत राहणारं एक कुटुंब. पुढं धंदा, मागं संसार. त्यातली मुलगी गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत मोठी होते. मी वाचता वाचता वर बघितलं, तर समोर आमचाच बोळ होता. इतक्या लांबच्या बाईला आमच्या बोळाची माहिती कुणी दिली, असं मला खरोखर वाटून गेलं. आपल्या घराबद्दल लिहिता येतं आणि ते कुणी दूर बसून वाचतं, ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितलेली नव्हती. दोन वेळा सूत तुटलं आणि अम्माच्या शिव्या खाल्ल्या.

त्या दिवसांत माझ्यापुढं दुसरंच संकट उभं होतं. मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचं होतं आणि घरच्यांना माझं लग्न करायचं होतं. भिवंडीचं स्थळ होतं, आमच्याच जातीतलं, त्यांचे आमच्यापेक्षा जास्त माग. माझा फोटो काढून झाला होता. स्टुडिओवाल्यानं माझा चष्मा उतरवला, पावडर थापली आणि नंतर ब्रशनं हनुवटीवरचा तीळ पुसून मला दोन छटा उजळ केली. फोटोतली मुलगी दिसायला बरी होती, मी तिला ओळखत नव्हते एवढंच. तो फोटो भिवंडीला गेला होता. मी पुण्याचा विषय काढला की पेद्दनान्ना म्हणायचे, "कॅनडाचा कार्यक्रम पार पडू दे की. मग बघू." आणि दुभाष्याचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. सर म्हणाले होते की भाषांतर हे एकूणच दुय्यम काम आहे. मी मनाशी गणित मांडलं. कार्यक्रम झकास झाला, पेद्दनान्नांची मान उंचावली, तर पुणे. त्यांची शोभा झाली, तर भिवंडी.

बाई आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, उन्हानं लाल झालेल्या, अंगात चुरगळलेला सुती झगा, चष्मा नाही. मी सुतातली बाई दोन दिवस आधी मागावर बघितली होती. लांबट चेहरा, मोठा काळा चष्मा, वर बांधलेले केस. मी चष्मा काढला तरी कळावा इतका फरक. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी पेद्दनान्नांना गाठलं.

"पेद्दनान्ना, विणलेली बाई ही न्हाय वाटतं."

"कशावरनं?"

"तोंड वेगळंय. सगळंच वेगळंय."

ते माझ्याकडं बघून समजुतीनं हसले. "फोटोत फरक पडतोच, सुशी. तुझा फोटो तरी तुझ्यासारखा कुटं आलाय?"

सरांना विचारलं तर ते म्हणाले, गोऱ्या माणसांचं वय एकूणच लवकर दिसतं.

जेवायला चिंचेच्या भाताचा पुलिहोरा होता, डाळीचं पप्पू होतं, आणि पाहुणी परदेशी म्हणून भाकरी मऊ केली होती. बाईंनी टोपलीतली कडक भाकरी बघितली आणि तीच मागितली. इथंच अम्माला पहिला संशय आला. सरांनी विचारलं, आपली लेखनप्रक्रिया काय? बाई म्हणाल्या, मुलं उठायच्या आत इस्त्रीच्या फळीवर टाइपरायटर ठेवून उभ्यानं लिहिते, कारण टेबलावर नवऱ्याचा नाश्ता असतो. नवरा शेतीची यंत्रं विकतो. गावात सत्कार वगैरे कधी झाला नाही. उलट शेजारणी बोलायच्या बंद झाल्यात, प्रत्येकीला वाटतं पुस्तकात तीच आहे. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "आणि तुम्ही केव्हा लिहिता?" मी भाषांतर केलं. मंडळींनी शेंगाचटणी जवळ ओढली. एक कवी म्हणाले, स्फूर्ती आली की. सर म्हणाले, निवृत्तीनंतर सलग बसायचा विचार आहे. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, हे फार नशीबवान आहेत. तेही मी भाषांतर केलं, आणि सरांना ते आवडलं.

जेवणानंतर बाईंसाठी नवी चादर घालून गादी टाकली होती. त्या म्हणाल्या, झोपायचं नाही, माग बघायचे आहेत. अम्मा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "ही नक्की लेखिका हाय का? दुपारी झोपत न्हाय." कुजबुजून म्हणाली, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी मला विचारलं, आई काय म्हणतात? मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना माठाचं पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला होता. दीप लागला, स्वागतगीत झालं, पेद्दनान्नांनी सरांनी लिहून दिलेलं भाषण न अडखळता वाचलं. मग सर उभे राहिले ते पाऊण तास. कॅनडाचं साहित्य म्हणजे एकूणच बर्फ, असा त्यांचा सिद्धांत होता. बर्फाचं मौन, बर्फाचं एकाकीपण, बर्फातून चालणारा मानव. मी बाईंच्या कानाशी भाषांतर करत होते, त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात बर्फ आहे का?" मी म्हटलं, "नाही, मी वाचलंय." त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. हैदराबादपासून इथवर पुस्तक वाचलेलं माणूस त्यांना भेटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मला तेव्हा झालेला आनंद पुढं माझ्या स्वतःच्या कुठल्याच सत्कारात झाला नाही. माझ्या कपाटात आता चादरींची एक अख्खी थप्पी आहे, तेव्हा हे मी अधिकारानं सांगते.

मग चित्राचं अनावरण. दोघांनी दोन टोकं धरली आणि वरचा पडदा ओढला. दरवाजाएवढी बाई, पांढऱ्यावर तपकिरी, चष्म्यासकट. खाली 'थोर कॅनेडियन साहित्यिका' ही अक्षरं. टाळ्यांनी हॉल दणाणला. कॉलबीबाई चित्राकडं बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले, त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. लोकांना वाटलं बाईंना भरून आलं. टाळ्या वाढल्या. पेद्दनान्नांनीही डोळे पुसले. फक्त मी शेजारी असल्यामुळं मला कळत होतं की बाई हसू दाबत आहेत.

त्या माइकपुढं गेल्या. मी शेजारी उभी राहिले. त्या हळू, स्पष्ट बोलल्या. असं सुंदर काम मी आजवर बघितलेलं नाही. पण हा चेहरा माझा नाही. हा आमच्या देशातल्या फार मोठ्या लेखिकेचा आहे. तिच्या नव्या पुस्तकाची जाहिरात माझ्या पुस्तकाच्या पाठीमागं छापली होती, कारण माझं पुस्तक खपेल याची प्रकाशकाला खात्री नव्हती. जिथं जाते तिथं लोक मला तिच्याबद्दलच विचारतात. पण सोलापुरात ती माझ्याआधी येऊन बसली असेल असं वाटलं नव्हतं.

एवढं बोलून त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. इंग्रजी समजणारे हॉलमध्ये पंचवीस-तीस तरी असतील. ते सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते. मागनं सरांचा आवाज आला, "आभारी आहेत म्हण. तेवढंच म्हण." आणि समोर खुर्चीत पेद्दनान्ना, इंग्रजीचं अक्षर न कळणारे, कौतुकानं हसत. मला भिवंडी दिसत होती. एक वाक्य गिळलं की पुणे. पण ज्या बाईनं मुलं उठायच्या आत उभ्यानं एकेक वाक्य लिहिलं होतं, ती माझ्या शेजारी आपली वाक्यं माझ्या तोंडून दुसऱ्या भाषेत कधी बाहेर पडतात याची वाट बघत होती, आणि मला ती गिळता येईनात. मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं, प्रकाशकासकट. आमच्या घराण्याचा आवाज. माइक नसता तरी चाललं असतं.

मग मागच्या रांगेत एकजण फिस्सकन हसला आणि हॉलभर खसखस पिकली. बटण बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तसं पेद्दनान्नांचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग ते उठले, चित्राच्या काठाला काठ लावून त्याची घडी घातली, आणि खुर्चीवर अंथरलेली साधी चादर काढून बाईंच्या खांद्यावर घातली. शेवटी सरांनी आभार मानले. उपस्थित आणि अनुपस्थित अशा दोन्ही कॅनेडियन लेखिकांचे आभार त्यांनी मानले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बाई त्याच रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेल्या. चित्र त्यांनी मागून घेतलं. जिचं आहे तिला पोचवते म्हणाल्या. पोचवलं की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले नाहीत. पेद्दनान्ना बोळात पाटावर बसून होते आणि ते उठल्याशिवाय बटण दाबायची कुणाची छाती नव्हती. त्या शांततेत घरातली सगळी पोरं रडत होती. चहाच्या वेळेला भालेराव सर आले. दोष एकूणच प्रकाशकाचा आहे, असं त्यांनी सांगितलं.

"तुमाला कवा कळलं?" पेद्दनान्नांनी विचारलं.

"बाई बोलल्या, तेव्हाच."

"मग तुमी का न्हाई बोलला?"

"प्रसंगाचं गांभीर्य होतं."

पेद्दनान्नांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळले. "आन् तू?"

"मी जेवणाच्या आधीच सांगितलं होतं," मी म्हटलं. पुणे गेलं हे मी रात्रीच गृहीत धरलं होतं. आता निदान ओरडा लवकर व्हावा एवढीच इच्छा होती.

"व्हय," ते म्हणाले. "सांगितलं होतंस." आणि अम्माकडं वळून म्हणाले, "हिचा फोटो आणा."

भिवंडीला पाठवलेल्या फोटोची दुसरी प्रत घरात होती. त्यांनी ती हातात धरून उजेडात नेली, सूत तपासतात तशी.

"हिचा तीळ कुटं गेला?"

"स्टुडिओवाल्यानं काढला," अम्मा म्हणाली.

"चष्मा?"

"तुमीच काढायला लावलात."

फोटो पालथा करून ते म्हणाले, "उद्या ती मानसं मांडवात उभी राहून म्हणाली, ही ती न्हाय, तर? भर मांडवात? एकदा झालं ते लई झालं."

त्याच दिवशी ते मला स्वतः स्टुडिओत घेऊन गेले. पावडर नाही, चष्मा डोळ्यांवर, आणि स्टुडिओवाल्यानं ब्रश हातात घेतला की ते खाकरायचे. तीळ आला, काळा रंग आला, मागाच्या धुळीनं कायम बारीक झालेले डोळेही आले. तो फोटो भिवंडीला गेला आणि नकार इतका तातडीनं आला की टपालखात्याबद्दल मला पुन्हा कधी तक्रार करावीशी वाटली नाही. पेद्दनान्ना भयंकर चिडले. "त्यांना पोरगी नको, जाहिरात पायजे," असं ते आठवडाभर म्हणत होते. त्या चिडीतच त्यांनी मला पुण्याच्या गाडीत बसवलं. अम्मानं शेंगाचटणीचा डबा दिला आणि बजावलं की तिथं लेखक झालीस तरी दुपारी झोपू नकोस.

माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा पेद्दनान्ना फार थकले होते. पुस्तक आमच्या बोळाचंच होतं, मागांचं, कांड्यांचं. शेजारणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी पेद्दनान्नांच्या हातात ते ठेवलं. त्यांनी नाव बघितलं नाही, पान उघडलं नाही. पहिल्यांदा पुस्तक उलटं केलं. पाठीमागं भिवंडीनं परत पाठवलेला तो फोटो होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग चष्मा सारखा करून माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पुन्हा फोटोकडं, पुन्हा माझ्याकडं. तीळ कुठं आहे ते बोटानं चाचपलं.

"हां," ते म्हणाले. "हीच हाय."

आणि मग चादर मागवली.